साखर मोजली, मन कोण मोजणार? महामारीतले मधुमेही आणि आपली जबाबदारी

२०२० च्या उन्हाळ्यात एक शब्द घराघरांत पोहोचला. तो शब्द होता 'सहव्याधी'. रोज संध्याकाळी मुंबई महापालिकेचे कोरोनाचे आकडे यायचे. आज इतके नवे रुग्ण, इतके मृत्यू, आणि पुढची ओळ असायची की मृतांपैकी इतक्यांना दीर्घकालीन आजार होते. ज्यांना कसलाच आजार नव्हता त्यांना या ओळीने थोडा धीर मिळायचा. ज्यांच्या घरात मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी होती, त्यांना मात्र ही ओळ आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखी वाटायची.

महामारी ओसरली. जम्बो सेंटरचे मांडव उतरले. पण त्या दोन वर्षांत मधुमेह असलेल्या माणसांच्या मनावर जे ओझे चढले ते सगळ्यांचे उतरलेले नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये साखर तपासण्याची शिबिरे होतात. जयंतीला होतात, महापरिनिर्वाण दिनाच्या आठवड्यात होतात. बोटाला सुई टोचली जाते, आकडा कागदावर लिहिला जातो, "गोड कमी करा" असे सांगितले जाते आणि रांग पुढे सरकते. "झोप लागते का? मन कशात रमते का?" हा प्रश्न त्या रांगेत कोणी विचारत नाही. तो का विचारायला हवा आणि कसा विचारायचा, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

धोका खरा होता, पण अर्धाच सांगितला गेला

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा कुणा एका वर्गाचा आजार राहिलेला नाही. तो बंगल्यात आहे तसा चाळीत आहे, एसआरएच्या इमारतीत आहे, झोपडपट्टीतही आहे.

कोरोनात मधुमेहींना धोका जास्त होता, हे खरे. इंग्लंडमध्ये २०२० साली झालेल्या मोठ्या अभ्यासात टाइप-२ मधुमेह असलेल्यांचा कोरोनाने रुग्णालयात मृत्यू होण्याची शक्यता मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट आढळली. टाइप-१ मध्ये ती साडेतीन पटींच्या आसपास होती. पण त्याच काळातल्या अभ्यासांनी दुसरीही गोष्ट दाखवली. साखर जितकी अनियंत्रित तितका धोका जास्त, आणि वय हा सगळ्यात मोठा घटक. साखर नियंत्रणात ठेवणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी होते.

लोकांपर्यंत पहिली गोष्ट पोहोचली, दुसरी पोहोचली नाही. व्हॉट्सअॅपवर, नाक्यावर, नातेवाइकांच्या फोनवर एकच सूर होता: "शुगर आहे ना तुला? मग सांभाळ बाबा." कसे सांभाळायचे ते कोणी सांगत नव्हते. भीती मिळाली, उपाय मिळाला नाही. ज्या भीतीबरोबर करण्यासारखे काही दिले जात नाही, ती माणसाला आतून पोखरते.

उपनगरांत नेमके काय घडले

मधुमेह सांभाळायचा तर चार गोष्टी लागतात: वेळेवर औषध, नेमका आहार, रोजचे चालणे आणि अधूनमधून डॉक्टरांची भेट. महामारीने या चारही गोष्टींवर एकाच वेळी घाव घातला.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. जूनच्या मध्यावर ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत प्रवास करता आला तो १ फेब्रुवारी २०२१ पासून, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा दार बंद झाले. मुलुंडहून सायनला किंवा बोरिवलीहून परळच्या केईएमला तपासणीसाठी जाणाऱ्या माणसाला लोकल बंद म्हणजे दवाखाना बंद. जवळची मोठी रुग्णालये कोरोनाच्या कामाला लागली होती. मरोळचे सेव्हन हिल्स पूर्णपणे कोरोना रुग्णालय झाले. मुलुंड, दहिसर आणि गोरेगावच्या नेस्को मैदानावर जम्बो सेंटर उभी राहिली. त्याची गरज होतीच. पण साध्या तपासणीसाठी रुग्णालयाची पायरी चढायलाही लोक घाबरू लागले. तीन महिन्यांनी करायची तपासणी वर्षावर गेली. जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणल्या गेल्या. पैसे नव्हते तेव्हा दोनऐवजी एक घेतली गेली.

आहाराचे तसेच. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य मिळू लागले. त्याने लाखो चुली पेटत्या राहिल्या, हे विसरता येणार नाही. शिवभोजन थाळी पाच रुपयांना मिळाली. पण कामधंदा बंद असलेल्या घरात भाजी, डाळ, अंडी कमी झाली आणि ताटात भात वाढला. "भात कमी खा" हा सल्ला ताटात दुसरे काही असेल तरच पाळता येतो. तो पाळता आला नाही म्हणून अनेकांनी स्वतःलाच दोष दिला. खरे तर दोष त्यांच्या जिभेचा नव्हता, रिकाम्या पाकिटाचा होता.

चालण्याचे काय झाले? बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, जिथे कान्हेरीच्या वाटेवर सकाळी माणसांची रीघ असते, ते बंद झाले. मैदाने बंद झाली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे असताना फेऱ्या मारणार कुठे?

आणि एक गोष्ट जिच्याविषयी लाजेने कोणी बोलत नाही. साखर वाढली की वारंवार लघवीला जावे लागते. आपल्या अनेक वस्त्यांत शौचालय सार्वजनिक आहे. बाहेर पाऊल टाकणे म्हणजे संसर्गाचा धोका आणि रात्रीचा अंधार. म्हणून कितीतरी स्त्रियांनी पाणी पिणेच कमी केले. मधुमेहात पाणी तोडणे घातक. पण पाणी प्यावे तर दहा वेळा रांगेत उभे राहावे लागे. हा पेच वर्तमानपत्रातल्या 'मधुमेहींनी घ्यायची काळजी' या यादीत कधी आला नाही.

जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. त्यात दहिसरचा आर-उत्तर वॉर्डही होता. झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले, बाहेरच्या इमारतींत १६ टक्के. अंतर ठेवणे हे शिस्तीपेक्षा जागेवर अवलंबून होते, हे या आकड्यांनी सांगितले. त्या काळात 'बेशिस्त वस्त्या' असे जे शेरे मारले गेले, तेही आपल्या लोकांच्या मनावर ओरखडे काढून गेले.

शिवाय सफाई कामगार, वॉर्डबॉय, परिचारिका, बेस्टचे चालक-वाहक घरी बसू शकत नव्हते. यांत आपल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या मधुमेहींना दुहेरी भीती होती. स्वतःला लागण होण्याची, आणि घरी नेऊन मुलांना देण्याची.

स्टेरॉइड, काळी बुरशी आणि लसीची रांग

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीतून दिसले की ऑक्सिजनवर असलेल्या गंभीर कोरोना रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचू शकतात. ते औषध जगभर वापरले गेले. पण स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते. ज्यांची साखर आधी काठावर होती त्यांना रुग्णालयातच कळले की आता मधुमेह आहे. एका आजारातून सुटून घरी आलेला माणूस दुसरा आजार सोबत घेऊन आला, आणि त्याविषयी नीट बोलायला कोणाला वेळ नव्हता.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या भाषेत काळी बुरशी, पसरली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही तिची मोठी कारणे होती. महाराष्ट्र सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी एक होता. डोळा काढावा लागलेल्या रुग्णांची छायाचित्रे मोबाइलवर फिरली. गालावर थोडी सूज आली, डोके दुखले की मधुमेही माणूस आरशासमोर उभा राहायचा.

लस आली तेव्हा पुन्हा तोच शब्द समोर आला. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस मिळणार होती. पण नुसता मधुमेह त्या यादीत पुरेसा नव्हता. तो दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा हवा, सोबत रक्तदाबाचा उपचार चालू हवा, आणि त्यावर डॉक्टरांचे प्रमाणपत्र हवे. घाबरवताना प्रत्येक मधुमेही मोजला गेला, लसीच्या वेळी मात्र महिनाभर निकष लावले गेले. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली तेव्हा हा प्रश्न सुटला.

मनाचा ताण साखरेत कसा उतरतो

मन वेगळे आणि शरीर वेगळे, असे आपण बोलतो. शरीर तसे वागत नाही. भीती वाटली, चिंता लागली की शरीर संकटासाठी तयारी करते. कॉर्टिसॉल आणि अॅड्रेनलिन ही संप्रेरके वाढतात. ती यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. वाघ समोर असेल तर ही साखर पळायला उपयोगी पडते. पण संकट म्हणजे थकलेले भाडे, गेलेली नोकरी आणि रोजच्या बातम्या असतील, तर पळायचे कुठे? ती साखर रक्तातच राहते. म्हणून पथ्य पाळूनही कधी कधी आकडा वाढतो.

दुसरा मार्ग वागण्यातून जातो. मन खचले की गोळीची वेळ चुकते, चालणे सुटते, झोप मोडते, दारू-तंबाखू वाढते. मग आकडा वाढतो. आकडा पाहून माणूस आणखी खचतो. "काही केले तरी काय उपयोग" असे म्हणून तपासणीच सोडतो. हे चक्र असेच फिरत राहते. वेगवेगळ्या अभ्यासांचे २००१ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, त्यात मधुमेह असलेल्यांना नैराश्य असण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट दिसली. हे महामारीच्या कितीतरी आधीचे आहे. महामारीने या आगीत तेल ओतले.

तीन अवस्था ओळखू या

कार्यकर्त्यांना डॉक्टर व्हायचे नाही. पण तीन अवस्थांतला फरक कळला तर योग्य माणसाला योग्य ठिकाणी पाठवता येते.

पहिली, मधुमेहाचा थकवा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तो मोजण्यासाठी प्रश्नांची यादी तयार केली. हा मानसिक आजार नाही. रोज गोळी, रोज पथ्य, रोज हिशेब, आणि सुट्टी एकही दिवस नाही, याचा हा कंटाळा आणि वैताग आहे. "मला जमतच नाही", "घरचे सारखे ताटात डोकावतात", "डॉक्टर ओरडतील म्हणून जात नाही" ही त्याची भाषा. यावर गोळी नसते. ऐकून घेणे, एका वेळी एकच छोटा बदल ठरवणे आणि घरच्यांना समजावणे हा इलाज आहे.

दुसरी, नैराश्य. सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहते, आवडीच्या गोष्टीत गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, मरणाचे विचार येतात. हा आजार आहे आणि तो बरा होतो. त्याला समुपदेशन, औषध किंवा दोन्ही लागतात. मानसोपचारतज्ज्ञांना मधुमेह आहे हे आवर्जून सांगावे, कारण काही औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते.

तिसरी, चिंतेचा झटका. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, आता मरतो असे वाटते. इथे एक मोठी गफलत होऊ शकते. साखर एकदम खाली गेली तरी हुबेहूब हीच लक्षणे दिसतात. मधुमेही माणसाला असा त्रास झाला तर आधी साखर तपासावी. यंत्र नसेल तर साखर कमी झाली आहे असेच धरून चालावे. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. साखर देऊनही छातीत दुखणे, दम लागणे थांबत नसेल तर "टेन्शन असेल" म्हणून घरी थांबू नये. मधुमेहींत हृदयविकाराचा झटका नेहमीच्या लक्षणांशिवायही येतो.

बाबासाहेबही मधुमेही होते

आपल्या वस्तीत कोणाला मधुमेहाची लाज वाटत असेल तर त्याला हे सांगायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. पायांच्या मज्जातंतूंच्या वेदना आणि संधिवात होता. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच प्रकृती ढासळत होती. मुंबईत ते डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत. मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. माईसाहेबांनी त्यांचे औषध, पथ्य आणि इन्सुलिन सांभाळले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात त्यांनी आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या उपचारांविषयी कृतज्ञता नोंदवली होती. १९५७ मध्ये ग्रंथ छापला गेला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांच्या आठवणी लिहिल्या आहेत. शेवटच्या काही महिन्यांत, हाती घेतलेले काम अपुरे राहील या विचाराने बाबासाहेब कसे व्याकुळ होत, त्यांच्या डोळ्यांत पाणी कसे येई, हे त्यांत आहे. आम्ही त्यावरून कोणतेही निदान करत नाही. तो अधिकार आम्हाला नाही. पण एवढे तर कळते की दुखणे अंगावर असताना मन भरून येणे हा दुबळेपणा नाही. ज्या माणसाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखोंना दीक्षा दिली, त्याच माणसाचे हे अश्रू होते. आणि त्यांनी औषध नाकारले नाही, सोबत नाकारली नाही, उपचार करणाऱ्यांचे ऋण मोकळेपणाने मानले. बाबासाहेबांचे हे रूपही आपण सांगायला हवे.

धम्म काय सांगतो, काय सांगत नाही

आजार म्हणजे मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ, असे कोणी म्हणाले तर ते तिथेच खोडून काढावे. पूर्वजन्माच्या पापपुण्याने आजचे दुःख समजावणारी शिकवण बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्टपणे नाकारली आहे. मधुमेहाला कारणे आहेत. अनुवंश, आहार, कष्टाचे स्वरूप, झोप, ताण, वस्तीतली परिस्थिती ही ती कारणे. कारण आहे म्हणून उपायही आहे, हाच प्रतीत्यसमुत्पादाचा धडा.

संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेवर मनाने केलेला शोक आणि संताप हा दुसरा. मधुमेह पहिला बाण आहे, तो औषधाने सांभाळायचा. "मी कामातून गेलो, मी घरच्यांवर ओझे झालो" हा दुसरा. आनापान, मैत्रीभावना यांनी दुसऱ्या बाणाची धार कमी होते. पण या दृष्टांताचा उलटा अर्थ काढून "मन घट्ट कर, औषध कशाला" असे कोणाला सांगू नये. ध्यान इन्सुलिनची जागा घेत नाही. तीव्र नैराश्यात डॉक्टरांना न विचारता दीर्घ शिबिराला बसणेही योग्य नाही.

त्याच निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची कथा आहे. तो फार जेवायचा आणि मग त्याला धाप लागायची. बुद्धांनी त्याची टिंगल केली नाही. जेवणाच्या प्रमाणाविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचे जेवण कमी झाले. उपदेश एकदाच झाला होता, कामी आली ती रोजची सोबत. तरुण वाचकांनो, आज वस्तीत सुदस्सन तुम्ही होऊ शकता.

पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक दुपारनंतर जेवत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नये. आजारी भिक्खूला अवेळीही तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही औषधे घेण्याची मुभा विनयातच दिलेली आहे. जिथे भिक्खूला सवलत आहे, तिथे आपल्या आईने उपाशीपोटी चक्कर येऊन पडावे असे धम्म कसे सांगेल?

विहारातून काय करता येईल

महामारीच्या काळात आपल्या तरुणांनी धान्य वाटले, रक्तदान केले, रुग्णांसाठी खाटा शोधल्या. १४ एप्रिल २०२० ची जयंती घरात साजरी झाली, त्या वर्षी ६ डिसेंबरला लोकांनी घरातूनच अभिवादन केले. आपल्याला संघटित होता येते हे सिद्ध झाले आहे. आता तीच शक्ती या कामाला लावू या.

पहिले, तपासणी शिबिरात दोन प्रश्न जोडा. गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास किंवा हताश वाटले का? रोजच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? दोन्हींपैकी एकाचे उत्तर "बहुतेक दिवस हो" असे आले तर त्या माणसाला बाजूला बसवून निवांत ऐका आणि पुढची वाट सांगा. उत्तरे रजिस्टरमध्ये सगळ्यांना दिसतील अशी लिहू नका. वस्तीत गोष्ट पसरली तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही.

दुसरे, महिन्यातून एकदा वंदनेनंतर मधुमेही सोबतींची बैठक घ्या. दहा माणसे, एक तास. कोणाला कोणती गोळी परवडते, पालिकेच्या दवाखान्यात काय मिळते, भाताऐवजी काय करता येते, झोप का येत नाही, यावर बोलणे. स्त्रियांची बैठक वेगळी ठेवा, त्या अधिक मोकळ्या बोलतात.

तिसरे, बोलण्याची पद्धत बदला. "गोड खाल्लेस म्हणून झाले", "तुझ्यापेक्षा वाईट हाल असलेले आहेत", "टेन्शन घेऊ नकोस" ही वाक्ये बंद करा. "रोज सांभाळणे कठीण जाते का?", "यातले सगळ्यात अवघड काय वाटते?", "मी सोबत येऊ का?" असे विचारा.

चौथे, ठिकाणे माहीत करून घ्या. केईएम, सायन, नायर आणि कूपर या पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. अंधेरी-बोरिवलीकडच्यांना कूपर, घाटकोपर-मुलुंडकडच्यांना सायन सोयीचे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, मराठीतही.

पाचवे, हक्क सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या कलम १८ नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, म्हणून तिला शिक्षेची नाही, उपचाराची गरज मानली जाते. कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि इन्सुलिन दुसऱ्याच्या ताब्यात द्या, आणि सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

सहावे, पुढच्या संकटाची तयारी आजच करा. ती महामारी असेल, २००५ सारखा पूर असेल किंवा आणखी काही. आपल्या वस्तीत इन्सुलिनवर असलेले किती, एकटे राहणारे ज्येष्ठ किती, कोणाकडे फ्रिज नाही, ही माहिती संबंधितांच्या संमतीने जपून ठेवा. प्रत्येकाकडे किमान दोन आठवड्यांची औषधे आणि चिठ्ठीची प्रत असावी. लोकल बंद झाली तर औषध कोण आणून देणार, हे नाव आधीच ठरलेले असावे. आणि नगरसेवकाकडे गटार-नळाबरोबर हीही मागणी करा की वॉर्डातल्या पालिका दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसावा.

अतिसाराने आजारी, स्वतःच्याच मळात पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी स्वच्छ केले. मग संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. आपण विहारात दीप लावतो, फुले वाहतो, ते योग्यच आहे. त्याच विहारात पुढच्या पौर्णिमेला एक सतरंजी अंथरू या आणि शेजारच्या मधुमेही काकांना, मावशींना विचारू या, "आकडा राहू द्या, तुम्ही कसे आहात?"

जय भीम, नमो बुद्धाय.